इग्नालिनाच्या भिंतींचा आवाज : हिल्दुर गुद्नादोत्तिर यांच्या पार्श्वसंगीताविषयी

अतिमंद्र (धागाकर्ता)

‘चेर्नोबिल’ ही १९८६ च्या अणुदुर्घटनेवर बेतलेली पाच भागांची मालिका २०१९ साली आली तेव्हा मी ती कथेसाठी पाहिली. त्यानंतर दोनदा केवळ ऐकण्यासाठी पाहिली आणि त्यातल्या दुसऱ्या वेळी तर बराच काळ पडद्याकडे पाठ करून बसलो होतो. तिचे पार्श्वसंगीत हिल्दुर गुद्नादोत्तिर या आइसलँडच्या चेलोवादक आणि संगीतकार स्त्रीचे आहे. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच कुळातले, पण मोठे आणि खर्जाचे वाद्य. (गुद्नादोत्तिर हे आडनाव नव्हे, ‘गुद्नीची मुलगी’ एवढाच त्याचा अर्थ. आइसलँडमध्ये माणसाचा उल्लेख पहिल्या नावानेच होतो, म्हणून पुढे मी त्यांना हिल्दुर म्हटले आहे.)

हे संगीत कसे तयार झाले ते आधी सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यावरच उभा आहे. लिथुआनियात इग्नालिना येथे एक बंद पडलेले अणुवीज केंद्र आहे. तिथल्या दोन्ही अणुभट्ट्या चेर्नोबिलच्याच आरबीएमके प्रकारच्या, पण अधिक क्षमतेच्या होत्या. युरोपीय संघात प्रवेश मिळवताना लिथुआनियाने त्या बंद करण्याचे मान्य केले आणि त्यानुसार पहिली २००४ च्या अखेरीस, तर दुसरी २००९ च्या अखेरीस थांबवण्यात आली. मालिकेचे काही चित्रीकरण याच केंद्रात झाले. हिल्दुर तिथे संरक्षक पोशाख घालून गेल्या. सोबत निसर्गातील ध्वनींच्या मुद्रणासाठी ख्यातनाम असलेले ख्रिस वॉटसन आणि संगीतनिर्मितीतील हिल्दुर यांचे सहकारी सॅम स्लेटर होते. त्यांनी दालने, दारे, पंपघरे, मोकळ्या मार्गिका यांचे आवाज मुद्रित केले. मग हिल्दुर यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले : एकही वाद्य वापरायचे नाही. त्या स्वतः उत्तम चेलो वाजवतात, तरीही चेलो नाही. संगीत घडवायचे ते त्या केंद्रातल्या आवाजांतून आणि स्वतःच्या कंठातून.

आता माझे म्हणणे. नेहमीचे पार्श्वसंगीत प्रेक्षकाच्या कानाशी लागून पुढचे सांगत असते. दार उघडण्याआधीच व्हायोलिने थरथरू लागतात आणि दारामागे काय असेल ते आपल्याला पात्राच्या आधी कळते. चेर्नोबिलच्या दुर्घटनेत मात्र नेमके हेच कोणाकडे नव्हते. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे आग विझवायला धावलेल्या अग्निशामकांना आपण कशावर पाय ठेवतो आहोत हे ठाऊक नव्हते. किरणोत्सार दिसत नाही, त्याला वास नाही, त्याचा आवाज नाही. अशा वेळी संगीतानेच ‘धोका, धोका’ असे ओरडायला सुरुवात केली असती, तर त्या माणसांच्या अज्ञानाशी आपले नाते तुटले असते. हिल्दुर यांचे संगीत पात्रांहून जास्त काही जाणत नाही. प्रसंग बदलतो, माणसे बोलतात, भांडतात, खोटे बोलतात, आणि नाद आपल्या जागी तसाच राहतो. त्याला माणसांचे काही देणेघेणे नाही. मला त्यात किरणोत्साराचे आजवरचे सर्वांत प्रामाणिक चित्रण दिसते, आणि ते पडद्यावर नसून कानात आहे.

पुलावरचा प्रसंग आठवून पाहा. गावातले लोक दूरची आग बघायला जमतात, मुले खेळतात, वरून राख भुरभुरते. त्या ठिकाणची रचना अतिशय संथ आहे. ती सुंदर आहे असे म्हणताना मला अवघडल्यासारखे होते, पण ती सुंदर आहे. त्या लोकांनाही तो प्रकाश सुंदरच वाटत असतो.

इथल्या जाणकारांना माझा प्रश्न असा : हे आवाज खरोखर अणुवीज केंद्रातले आहेत ही माहिती नसती, तरी संगीत इतकेच परिणामकारक वाटले असते का?

समेवर

मांडणी मनापासून आवडली, पण मला एक मूलभूत शंका आहे. पंपाची घरघर मुद्रित करून ती दृश्याखाली ठेवणे हे ध्वनियोजनाचे काम आहे, आणि त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु त्याला संगीतरचना म्हणावे असे त्यात काय आहे? स्वरांची निवड, त्यांचा परस्परसंबंध, काळाची बांधणी यांतले काहीतरी संगीतकाराने केलेले दिसले पाहिजे. तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी ती मालिका काहीही माहिती नसताना पाहिली, आणि मला संगीत असल्याचे जवळजवळ जाणवलेच नाही.

ध्वनिमेज

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तांत्रिक बाजू थोडी विस्ताराने मांडतो. त्यातून ‘समेवर’ यांच्या शंकेचे निदान अर्धे उत्तर मिळावे.

अशा ठिकाणी जाऊन दोन वेगळ्या गोष्टी मुद्रित करता येतात. पहिली म्हणजे तिथे होणारे आवाज : बिजागरी, वायुवीजन, नळातून वाहणारे पाणी. दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ती म्हणजे त्या जागेचे उत्तर. रिकाम्या दालनात एक क्षणिक मोठा आवाज केला, किंवा २० हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून) २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एक शुद्ध स्वर वाजवला, की भिंती, छत आणि यंत्रे तो कसा परत पाठवतात याची नोंद मिळते. तिला आमच्याकडे ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. पुढे ‘कन्व्होल्यूशन’ या गणिती क्रियेने कोणताही आवाज त्या नोंदीतून गाळून घेता येतो, आणि मग बंद खोलीत गायलेला स्वर त्या दालनात उभे राहून गायल्यासारखा ऐकू येतो. हिल्दुर यांचा आवाज मालिकेत अशा रीतीने इग्नालिनाच्या दालनांत उभा आहे.

आता त्या दालनांचा विचार करा. एखादा आवाज ६० डेसिबलने विरायला जो वेळ लागतो, त्याला आपण घुमण्याचा काळ म्हणतो. जागेचे आकारमान वाढले की हा काळ वाढतो आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू वाढल्या की तो घटतो. काँक्रीट आणि पोलाद आवाज फारच कमी शोषतात. त्यामुळे अशा दालनात एक स्वर संपत नाही तोच दुसरा त्यात मिसळतो आणि गाणारीला आपोआप सावकाश गावे लागते. या संगीताची लय काही अंशी इमारतीने ठरवलेली आहे, असे मी म्हणेन.

जागेला स्वतःचा स्वरही असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पाच मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये सुमारे ३४ हर्ट्झचा नाद टिकून राहतो, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर आहे. चेलोची सर्वांत खालची तार सुमारे ६५ हर्ट्झला लागते. म्हणजे मध्यम आकाराची खोलीसुद्धा चेलोच्या खर्जाहून जवळजवळ एक सप्तक खाली गुणगुणू शकते. हे गुणगुणणे कोणत्या ठिकाणी उचलायचे, त्यावर दुसरा कोणता नाद ठेवायचा, तो किती बेसूर ठेवायचा, या सगळ्या निवडी संगीतकाराच्याच आहेत. ५५ आणि ५७ हर्ट्झचे दोन नाद एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. ते अंतर अर्ध्या हर्ट्झवर आणले तर हेलकावा दोन सेकंदांचा होतो. भयाची जाणीव अशा हेलकाव्यावर अवलंबून असते आणि तो ठरवणे म्हणजे काळाची बांधणीच होय.

समेवर

‘ध्वनिमेज’, हे मला ठाऊक नव्हते. दोन नादांमधले अंतर बदलून लय घडवणे ही रचना आहे हे मी मान्य करतो. तानपुरा लावताना जोडीच्या तारा एकमेकींशी मिळेपर्यंत असेच हेलकावे ऐकू येतात आणि ते थांबले की तार लागली असे आपण म्हणतो. इथे ते मुद्दाम थांबू दिलेले नाहीत, असे समजायचे का?

ध्वनिमेज

अगदी नेमके तेच. तार लागण्याच्या अलीकडे थांबणे.

घुमट

मला कंठाविषयी बोलायचे आहे, कारण मुद्रित आवाजांच्या चर्चेत तो मागे पडतो. मालिकेत हिल्दुर यांचा आवाज शब्दांवाचून आणि चेहऱ्यावाचून येतो. अनेकदा तो माणसाचा आहे की एखाद्या नळातून वाहणाऱ्या हवेचा, हे ठरवता येत नाही. ही संदिग्धता मला फार महत्त्वाची वाटते. ती जागा माणसांनी बांधली, माणसांनी चालवली आणि माणसांच्याच चुकांनी उद्ध्वस्त झाली. त्यामुळे तिच्या आवाजात माणूस मिसळलेला असणे हे सत्यालाच धरून आहे.

मालिकेच्या अगदी शेवटी, खऱ्या घटनेची चित्रे आणि मजकूर पडद्यावर येतो तेव्हा ‘विच्नाया पाम्यात’ हे ऑर्थोडॉक्स परंपरेतील स्मरणस्तोत्र समूहस्वरात येते. ‘चिरंतन स्मृती’ असा त्याचा अर्थ. पाच भागभर ज्या स्वराचे मूळ कळत नव्हते, त्याच्या जागी आता अनेक कंठ एकत्र येऊन, शब्दांसह, मृतांना उद्देशून गातात. मी ते ऐकताना रडलो हे लिहायला मला संकोच वाटत नाही. ते स्तोत्र एरवी ऐकले असते तर इतके लागले नसते. आधीच्या साऱ्या नादाने त्याच्यासाठी जागा रिकामी ठेवली होती.

तरफेची तार

इथे त्याच वर्षीच्या ‘जोकर’ या चित्रपटाचा उल्लेख व्हायला हवा, कारण तिथे हिल्दुर यांनी अगदी उलट मार्ग घेतला. ‘चेर्नोबिल’मध्ये वाद्य वर्ज्य होते, ‘जोकर’च्या केंद्रस्थानी चेलो आहे. दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांनी त्यांना पटकथा पाठवली आणि चित्रीकरण सुरू होण्याआधीच संगीत लिहायला सांगितले. चित्रपटव्यवसायात हा क्रम फार क्वचित दिसतो. बहुतेक वेळा चित्रपट संकलित होतो, संकलक कुठले तरी जुने संगीत तात्पुरते लावून ठेवतो, सगळ्यांना त्याची सवय होते आणि मग संगीतकाराकडून त्याच्यासारखेच काहीतरी मागितले जाते. ‘जोकर’मध्ये मात्र संगीत चित्रीकरणाच्या जागी वाजवले जात होते. स्वच्छतागृहातील नृत्याचा प्रसंग पटकथेत तसा नव्हता. हिल्दुर यांची रचना तिथे वाजवली गेली आणि नायकाची भूमिका करणारे वॉकीन फीनिक्स तिच्यावर हलू लागले. ज्या दृश्यासाठी तो चित्रपट लक्षात राहतो, ते दृश्यच संगीतातून जन्मले.

माझ्या टोपणनावाचा संबंध पुढच्या गोष्टीशी आहे. हिल्दुर ‘हाल्डोरोफोन’ नावाचे एक वाद्य वाजवतात. आइसलँडचे कलावंत हाल्डोर उल्फारसन यांनी ते घडवले आणि ‘जोकर’मध्येही ते वापरले आहे. दिसायला ते चेलोसारखे आहे, पण मुख्य तारांखाली त्याला तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या तारा आहेत, सतारीला किंवा सारंगीला असतात तशा. प्रत्येक तारेचे कंपन वेगळे टिपले जाते, वाढवले जाते आणि वाद्याच्याच अंगात बसवलेल्या स्पीकरमधून परत वाद्यात सोडले जाते. त्याने तारा पुन्हा कंप पावतात, ते कंपन पुन्हा टिपले जाते, आणि हे चक्र चालू राहते. परिणामी गज उचलला तरी वाद्य गप्प बसत नाही. वादकाला ते सुरू करण्यापेक्षा आवरण्याचे काम अधिक असते. मनाच्या आत साठत जाऊन हाताबाहेर जाणाऱ्या क्रोधाच्या कथेला याहून योग्य वाद्य मला सुचत नाही.

आणखी एक. त्या चित्रपटात सुरुवातीला चेलो जवळजवळ एकटा ऐकू येतो. वाद्यवृंद त्याच्यामागे असतो, पण इतका दबलेला की कान त्याला चेलोचीच सावली समजतो. कथा पुढे जाते तसा तो मागून पुढे येतो आणि अखेरीस चेलोला वेढून टाकतो. या कामासाठी त्यांना २०२० साली ऑस्कर मिळाले. त्या वर्षीचे गोल्डन ग्लोब मिळाले तेव्हा मूळ पार्श्वसंगीतासाठी तो सन्मान एकटीच्या नावावर मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. ‘चेर्नोबिल’ला आधी दूरचित्रवाणीचे एमी आणि नंतर संगीताचे ग्रॅमी मिळाले.

अतिमंद्र

‘तरफेची तार’, पुरस्कारांचा उल्लेख मी टाळला होता, पण तुम्ही केला ते बरे झाले. इतके अवघड संगीत मुख्य प्रवाहाने स्वीकारले ही नोंद आवश्यकच होती. वाद्य गप्प बसत नाही हे तुमचे निरीक्षण आणि केंद्राच्या भिंती गुणगुणत राहतात हे ‘ध्वनिमेज’ यांचे निरीक्षण मला एकाच ठिकाणी नेते : दोन्हीकडे हिल्दुर आपणहून वाजत राहणाऱ्या वस्तूशी वाटाघाट करत आहेत. मी उलट मार्ग म्हटला नसता.

जुनी फीत

हा मार्ग नवा नाही, एवढे या निमित्ताने सांगावेसे वाटते. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’साठी लुईस आणि बेबे बॅरन या दांपत्याने पूर्णतः इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत केले, तेव्हा श्रेयनामावलीत त्याला ‘संगीत’ म्हटले गेले नाही, ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असे लिहिले गेले. ‘समेवर’ यांनी विचारलेला प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मात्र हिल्दुर यांचे खरे पूर्वज मला रशियात दिसतात. दिग्दर्शक तार्कोव्स्कीच्या १९७२ च्या ‘सोलारिस’ या चित्रपटाचे संगीत एदुआर्द आर्तेमयेव यांनी ‘एएनएस’ या यंत्रावर केले. येवगेनी मुर्झिन यांनी बनवलेल्या या यंत्राला कळफलक नव्हता. काळ्या लेपाने झाकलेल्या काचेवर रेषा ओरखडायच्या आणि त्या फटींतून येणाऱ्या प्रकाशाचा आवाज व्हायचा. यंत्रात ७२० शुद्ध स्वर होते, एका सप्तकाचे ७२ भाग. म्हणजे पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांमध्ये आणखी पाच थांबे. अशा यंत्रावर चाल बांधण्यापेक्षा ढग बांधणे सोपे जाते. तार्कोव्स्कीला पाणी, वारा, पावले यांच्या आवाजांची संगीताइतकीच काटेकोर रचना हवी होती, आणि त्याच चित्रपटात जर्मन संगीतकार बाखची एक ऑर्गनरचना त्याने मानवी जगाची खूण म्हणून ठेवली. ‘घुमट’ यांनी वर्णन केलेल्या स्तोत्राचे स्थान मला तिच्याशी फार जवळचे वाटते.

समेवर

माझी पहिली शंका फिटली आहे. आता दुसरी मांडतो, ती तक्रारच आहे. गेली काही वर्षे जी गुन्हेकथा किंवा भयकथा पाहावी, तिच्यात तळाशी एक जाड घुमार सतत चालू असतो. कोणी चहा करत असले तरी घुमार, कोणी जिना चढत असले तरी घुमार. चाल सुचली नाही की नाद धरून ठेवायचा, असा सोपा मार्ग या संगीताने दाखवून दिला नाही का?

अतिमंद्र

तुमची तक्रार मला मान्य आहे, पण दोष मूळ कृतीचा नाही. या घुमाराचे एक उगमस्थान आइसलँडचेच संगीतकार योहान योहान्सोन यांचे ‘सिकारियो’चे संगीत असावे. तो चित्रपट २०१५ चा. योहान्सोन हिल्दुर यांचे जवळचे सहकारी होते, त्या चित्रपटात चेलो हिल्दुर यांनीच वाजवला आहे आणि त्याच्या २०१८ च्या पुढच्या भागाचे संगीतही हिल्दुर यांचेच. त्याच वर्षी फेब्रुवारीत योहान्सोन यांचे निधन झाले. ‘सिकारियो’तली ‘द बीस्ट’ ही त्यांची रचना पुन्हा ऐका. तिथे खालचा नाद स्थिर नाही. तो मींडेने आणखी खाली घसरत जातो आणि प्रत्येक वेळी वाटते की याच्या खाली आता काही उरले नसेल. ती घसरण चित्रपटाच्या आशयाशी बांधलेली आहे, कारण नायिका प्रत्येक टप्प्यावर अशा जगात उतरते, ज्याचा तळ तिला दिसत नाही.

अनुकरण करणाऱ्यांनी नादाची जाडी उचलली आणि घसरण सोडून दिली. ‘चेर्नोबिल’च्या बाबतीतही तोच धोका आहे. आज कोणाही संगीतकाराला बंद कारखान्यांच्या आवाजांचे तयार संच विकत मिळतात. पण हिल्दुर यांनी वाद्य नाकारले ते त्या एका कथेसाठी, आणि त्याच वर्षीच्या ‘जोकर’मध्ये चेलोच केंद्रस्थानी ठेवला. पद्धत त्यांच्याकडे कथेतून येते. जिथे ती सवयीतून येते तिथे तुम्ही म्हणता तो कंटाळाच हाती लागतो.

माझ्या मूळ प्रश्नाबाबत आता माझे मत थोडे बदलले आहे. श्रोत्याला माहिती नसली तरी चालेल, पण संगीतकाराला ती असावीच लागते. संरक्षक पोशाख घालून त्या मार्गिकेतून चाललेला माणूस नंतर कोणता आवाज किती वेळ ठेवायचा हे वेगळ्या रीतीने ठरवतो. शेवटच्या मिश्रणात ते निर्णय राहतातच.

नवा कान

संपूर्ण धागा वाचला. मी हे संगीत मोबाइलवर ऐकण्याचा प्रयत्न केला, पण मला फक्त मधूनमधून फुसफुस आणि एक बारीक सूर ऐकू आला. मी काय चुकतो आहे?

ध्वनिमेज

तुमचे काहीच चुकलेले नाही. मोबाइलचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचे फारसे काही ऐकवू शकत नाही, आणि या संगीताचा मोठा भाग त्याखालीच आहे. कान झाकणारे हेडफोन वापरा. खोलीतला पंखा बंद करा, कारण त्याची घरघर याच पट्ट्यात येते आणि नाजूक हेलकावे झाकून टाकते. आवाज सुरुवातीला फार वाढवू नका. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो हे खरे, पण पाच-सात मिनिटे शांत बसलात की तो हळूहळू वर येऊ लागेल. तेव्हाही अपुरा वाटला तर थोडासाच वाढवा. अल्बममधल्या ‘द डोअर’ या रचनेपासून सुरुवात करा, मग ‘पंप रूम’ आणि ‘टर्बाइन हॉल’ ऐका. स्तोत्र अल्बममध्ये आधीच येते, पण मालिका पाहिलेली नसेल तर ते सध्या वगळा आणि मालिकेच्या शेवटीच ऐका.

नवा कान

आभारी आहे. रात्री पंखा बंद करून ‘द डोअर’ ऐकले. आधी खर्ज मुळीच आला नाही, मग बऱ्याच वेळाने छातीपाशी काहीतरी आहे असे वाटले, आणि हेडफोन काढल्यावर कळले की ते खोलीत नव्हते. आजपासून मालिका पहिल्या भागापासून पाहतो आणि स्तोत्राला थांबतो.